स्किनी गेली, बॅगी आली : तालुक्याच्या बाजारात मुलींच्या पँटचं काय बदललं, का बदललं आणि पैसा कुणाच्या खिशात जातोय?

पुसद, वणी, दिग्रस, पांढरकवडा... तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत कपड्याच्या दुकानासमोर उभ्या केलेल्या पुतळ्यांकडे नजर टाकली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. पाच-सहा वर्षांपूर्वी याच पुतळ्यांना पायाला चिकटलेली, घोट्यापाशी आवळलेली जीन्स घातलेली असायची. आता त्यांच्या अंगावर मांडीपासून खालपर्यंत सैल, जमिनीला टेकेल अशी पँट आहे. कॉलेजला जाणाऱ्या पोरी एसटी स्टँडवर याच पँटमध्ये दिसतात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ही काय लेंग्यासारखी फॅशन!

विषय वरवर हलका वाटतो. पण मुलीने काय घालायचं यावरून आजही घराघरात वाद होतात, काही ठिकाणी शिक्षणापर्यंत गोष्ट जाते. दुसरीकडे ही पँट ज्या कापसापासून बनते तो कापूस याच जिल्ह्यात पिकतो. त्यामुळे पँटची मोहरी रुंद झाली, याचा संबंध गावातल्या मुलीशी आहे, टेलरशी आहे आणि कापूस उत्पादक शेतकऱ्याशीही आहे.

नेमकं बदललं काय?

सगळा फरक मोहरीचा, म्हणजे पँटच्या खालच्या घेराचा आहे. स्किनी जीन्सची मोहरी साधारण दहा-अकरा इंच असते. त्यामुळे पाय घालताना ओढाताण करावी लागते. सरळ कटाच्या, म्हणजे स्ट्रेट फिट जीन्सची मोहरी पंधरा-सोळा इंच असते. बूटकट गुडघ्यापर्यंत बसते आणि खाली थोडी उघडते. सध्या जोरात असलेल्या वाइड लेग आणि बॅगी पँटची मोहरी वीस इंचांच्या पुढे जाते. वाइड लेग कमरेला बसते आणि मांडीपासून सरळ रुंद होत खाली जाते. बॅगी मात्र कमरेखाली सगळीकडेच ढगळ असते.

यात आणखी प्रकार आहेत. 'मॉम फिट' कमरेवर उंच बसते, मांडीला सैल आणि खाली थोडी निमुळती असते. कार्गोला मांडीवर मोठे खिसे असतात. 'बॅरल' नावाचा नवा कट मधे फुगलेला आणि खाली आत वळलेला असतो, पण तो मोठ्या शहरांतच जास्त दिसतो. मोबाइलवरच्या खरेदीत 'कोरियन पँट' या नावाने मिळणारी सैल, कमरेला इलॅस्टिक असलेली पँट गावात भरपूर पोहोचली आहे. ती डेनिमची नसते, बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या कापडाची असते. पलाझो तर आधीपासूनच घरोघरी आहे. म्हणजे गावाला रुंद मोहरीची सवय जीन्सने नाही, पलाझोने लावली.

बदल का झाला?

स्किनी जीन्सने जवळपास पंधरा वर्षं राज्य केलं. ती शक्य झाली इलॅस्टेनमुळे. हा ताणला जाणारा धागा १९५८ मध्ये अमेरिकेत तयार झाला. सुती डेनिममध्ये तो दोन-तीन टक्के मिसळला की कापड ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. हा धागा नसेल तर इतकी चिकट जीन्स घालून बसता-उठता येणार नाही.

मग कोरोना आला. २०२० आणि २०२१ मध्ये जग घरात बसलं, लोकांना सैल कपड्यांची सवय झाली. बाहेर पडल्यावर पुन्हा आवळलेली जीन्स घालणं नव्या पिढीला नको वाटलं. त्यातच रील, कोरियन मालिका आणि तिथल्या गायकांचे ढगळ कपडे मोबाइलवर आले. पूर्वी मुंबई-पुण्याची फॅशन तालुक्याला यायला दोन-तीन वर्षं लागायची. आता कॉलेजच्या पोरीला ती त्याच दिवशी दिसते आणि कॅश ऑन डिलिव्हरीने आठवडाभरात गावात पोहोचते.

पण गावात ही पँट रुजण्याचं कारण फक्त मोबाइल नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात गच्च भरलेल्या एसटीतून तासभर प्रवास करायचा तर सैल पँट बरी पडते. खाली बसायला, गाडीवर बसायला, पोलिस भरतीच्या सरावाला जाता-येता सैल कपडा सोयीचा असतो. आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पँटमध्ये पायाचा आकार दिसत नाही. 'अंग दिसतं' हा जीन्सवरचा सगळ्यात जुना आक्षेप इथे लागूच पडत नाही. वर लांब कुर्ती घातली की ती जवळपास पंजाबी ड्रेससारखीच दिसते. त्यामुळे ज्या घरात जीन्सला ठाम नकार होता, त्यातल्या काही घरांत ही पँट बिनबोभाट आत आली आहे.

आजोबांची बेलबॉटम आणि आजीचा काष्टा

आज नातीच्या पँटला लेंगा म्हणणाऱ्या आजोबांच्या जुन्या अल्बममध्ये डोकावलं तर गंमत दिसेल. १९७० च्या दशकात गावोगावच्या तरुणांनी बेलबॉटम शिवून घेतल्या होत्या. मोहरी इतकी मोठी की रस्ता झाडत जायची. त्या वेळी म्हातारी माणसं त्यांनाही नावं ठेवायची. तेव्हाचा तरुण आज आजोबा झाला आणि तीच मोहरी नातीच्या पँटला आली.

'पँट हा बायकांचा पोशाख नाही' हे म्हणणंही तपासून बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रातली नऊवारी साडी काष्टा घालून नेसली जाते. त्यात दोन्ही पाय वेगळे राहतात. शेतात निंदण-खुरपण करणाऱ्या, डोक्यावर ओझं घेऊन चढण चढणाऱ्या बाईला पाय मोकळे लागतात, म्हणूनच तो पोशाख टिकला. आजही कापूस वेचायला जाणारी बाई साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवते. ऊन, काटे आणि कापसाच्या बोंडाची टोकं यांपासून हात वाचवायचे असतात. तेव्हा तिने पुरुषाचा कपडा घातला म्हणून गावात कुणी सभा घेत नाही. म्हणजे कामासाठी घातलेला कपडा चालतो. पोरीने स्वतःच्या आवडीने घातला की तो खटकतो.

पंजाबी ड्रेसचंही तेच झालं. एक पिढी मागे लग्न झालेल्या बाईने गावात ड्रेस घातला तर चर्चा व्हायची. सासरी साडीच पाहिजे, हा दंडक होता. आज तोच ड्रेस 'सभ्य पोशाख' म्हणून पुढे केला जातो आणि जीन्सला नाही म्हटलं जातं. सभ्यतेची रेघ दर वीस-पंचवीस वर्षांनी पुढे सरकते. फक्त ती सरकताना प्रत्येक वेळी एखाद्या पिढीतल्या मुलींना बोलणी खावी लागतात.

नियम कागदावर, राग घरात

हा वाद फक्त ओट्यावरचा नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालू नये असं सांगितलं. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी मागे घेतली, टी-शर्टची कायम ठेवली. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी पोशाखाचे नियम काढले. त्यात शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असा पोशाख घालावा आणि जीन्स-टी-शर्ट टाळावा, असं म्हटलं आहे. हे नियम निदान स्त्री आणि पुरुष दोघांना आहेत. नोकरीच्या ठिकाणचा पोशाख ठरवणं आणि मुलीने घराबाहेर पडताना काय घालायचं हे गावाने ठरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी फाटक्या जीन्स घालणाऱ्या बायकांच्या संस्कारावर बोट ठेवलं. देशभरातून टीका झाली आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यात एका सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. जीन्स घातली म्हणून घरातल्याच नातेवाइकांनी तिला मारहाण केली, असा आरोप तिच्या आईने केला. कपड्यावरून सुरू झालेला राग कुठपर्यंत जाऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवलं.

आपल्याकडे गोष्ट त्या टोकाला जाताना सहसा दिसत नाही. पण दुसऱ्या मार्गाने ती मुलींना भोवते. कॉलेजमध्ये जीन्स घालते, तिथे संगत कशी असेल, मग कॉलेजच बंद करा, अशी साखळी काही घरांत अजून तयार होते. म्हणून काही पोरी गावातून ड्रेसवर निघतात आणि तालुक्याला मैत्रिणीच्या खोलीवर कपडे बदलतात. लग्नानंतर पुण्याला जाणाऱ्या मुलीची जीन्स बॅगेत असते. ती पुण्यात अंगावर येते आणि गावी येताना पुन्हा बॅगेच्या तळाशी जाते. घरात खरं बोलता येत नाही, हा यातला खरा तोटा आहे. कपड्याबद्दल जी मुलगी घरी लपवते, ती उद्या रस्त्यात कुणी छेड काढली तरी सांगायला कचरते. कारण पहिला प्रश्न हाच येणार असतो की तू घातलं काय होतंस?

राज्यात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना जुलै २०२४ पासून व्यावसायिक उच्च शिक्षणाच्या शुल्कात माफी आहे. सरकारने मुलीला घराबाहेर पडायला वाट करून दिली. आता पँटच्या मोहरीवरून ती वाट अडवायची का, हे प्रत्येक घराने ठरवायचं आहे.

कापूस आपला, पँट कुणाची?

आता पैशाकडे वळू. डेनिम म्हणजे जाड सुती कापड. उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना अमेरिकेत २० मे १८७३ रोजी मिळालं. ती खास कष्टकऱ्यांसाठी बनवलेली पँट होती. बायकांसाठी वेगळी जीन्स याच कंपनीने १९३४ मध्ये आणली.

यवतमाळला तर डेनिम नवीन नाही. शहराजवळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आहे. कापूसही इथला आणि डेनिमही इथलं. पण शिवून तयार झालेली पँट येते अहमदाबाद, दिल्ली, उल्हासनगर किंवा कर्नाटकातल्या बळ्ळारीकडून. आता एक साधा हिशेब करून बघता येतो.

शुद्ध सुती बॅगी जीन्सचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. सूतकताईतली घट आणि कापताना जाणारी कातरण धरून तिला साधारण एक किलो रुई लागते, असं समजू. सरकीसह कापसातून रुई निघते जवळपास एक तृतीयांश. म्हणजे एका पँटसाठी शेतकऱ्याचा सुमारे तीन किलो कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, म्हणजे किलोला ८१ रुपये. तीन किलोचे झाले २४३ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. त्यात बियाणं, खत, फवारणी आणि किलोवर दिली जाणारी वेचणीची मजुरी आली. तीच पँट दुकानात हजार-बाराशेला आणि ब्रँडची असेल तर अडीच-तीन हजाराला मिळते. मधला पैसा सूत, विणकाम, रंग, धुलाई, शिलाई, जाहिरात आणि दुकान यांत वाटला जातो. त्यातलं शिलाईसारखं मजुरी देणारं कामही जिल्ह्यात फारसं थांबत नाही.

रुंद पँटला कापड जास्त लागतं, मग कापसाची मागणी वाढेल का? तसं सरळ म्हणता येत नाही. चांगल्या बॅगी जीन्समध्ये सूत जास्त असतं हे खरं. पण गावात स्वस्तात खपणाऱ्या सैल पँट पॉलिस्टरच्या असतात. त्यात कापसाचा वाटा नसतो किंवा नावापुरता असतो. त्यातच केंद्राने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं आणि ही मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क आला. त्यामुळे कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलगी पॉलिस्टरची पँट घालते आणि बाप कापसाचा भाव बघत बसतो, असं चित्र तयार झालं आहे.

जीएसटीचाही इथे संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. आधी हजारापर्यंत ५ आणि हजाराच्या वर १२ टक्के होता. म्हणजे हजाराच्या आतल्या पँटच्या करात काहीच फरक नाही. हजार ते अडीच हजारांच्या पँटवरचा कर मात्र सात टक्क्यांनी उतरला आहे. दुकानदाराने तो भावात दिला का, हे बिलावर बघता येतं.

जीन्सची आणखी एक बाजू म्हणजे पाणी. रंगवणं आणि 'वॉश' देणं यासाठी भरपूर पाणी आणि रसायनं लागतात. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांमुळे वालधुनी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न उभा राहिला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. उद्या कुठल्या जिल्ह्यात जीन्सचा उद्योग आणायचा म्हटलं, तर सांडपाण्याची सोय आधी विचारावी लागेल.

टेलरला संधी आहे

गावोगावी लेडीज टेलर आहेत. ब्लाउज, फॉल-पिको आणि ड्रेस यांवर त्यांचं घर चालतं. पण तयार कपड्यांनी ड्रेस शिलाईचं काम कमी केलं. सैल पँटने एक नवं काम आणलंय, ते म्हणजे उंची कमी करणं. वाइड लेग पँटची लांबी चाळीस-बेचाळीस इंच असते. आपल्याकडे बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. त्यामुळे बहुतेक पँट दोन-चार इंच कापावीच लागते.

दुसरं म्हणजे सैल पँट शिवायला स्किनीपेक्षा सोपी. ताणलं जाणारं कापड नको, फिटिंगची कटकट कमी. आसन आणि कंबर बरोबर जमली की झालं. सुती कापडाची, खिसेवाली, कमरेला अर्धं इलॅस्टिक असलेली पँट गावातच शिवून मिळाली, तर ती पॉलिस्टरच्या पँटला टक्कर देऊ शकते. बचत गटांनी शाळेचे गणवेश शिवलेले आहेत, आयटीआयमध्ये शिवणकामाचे अभ्यासक्रम आहेत. 'उमेद'च्या गटांनी या पँटकडे धंदा म्हणून बघायला हरकत नाही. जाड डेनिमला मात्र साधं घरगुती मशीन पुरत नाही. त्यासाठी जड कामाचं मशीन आणि जाड सुई लागते.

खिसा का नाही?

बायकांच्या पँटची जुनी तक्रार म्हणजे खिसा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका संकेतस्थळाने २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या जीन्सपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. मोठा मोबाइल त्यात मावत नाही. काही पँटला तर नुसती शिलाई मारून खिशाचा देखावा केलेला असतो. कार्गो आणि बॅगी पँट आवडण्याचं हेही एक कारण आहे. मोबाइल, पैसे आणि एसटीचा पास अंगावरच राहतो, गर्दीत पर्स सांभाळावी लागत नाही.

आरोग्याचाही मुद्दा आहे. उन्हाळ्यात, पावसाळ्यात जांघेत आणि कमरेला गजकर्ण, नायटा होण्याचं प्रमाण आपल्याकडे खूप आहे. घट्ट आणि ओल्या कपड्यात बुरशी वाढते, म्हणून त्वचेचे डॉक्टर सैल, सुती आणि नीट वाळलेले कपडे घालायला सांगतात. पॉलिस्टरची पँट कितीही सैल असली तरी घाम शोषत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पँट घेताना एवढं बघावं

• आतलं लेबल वाचावं. कॉटन किती टक्के, पॉलिस्टर किती हे त्यावर असतं. उन्हाळ्यासाठी कॉटन जास्त असलेली घ्यावी.

• ऑनलाइन मागवताना नुसता २८-३० नंबर बघू नये. घरातली नीट बसणारी पँट जमिनीवर पसरून कंबर, सीट, मांडी, आसन आणि लांबी मोजावी आणि तक्त्याशी जुळवावी.

• पैसे देण्याआधी परत करण्याची अट वाचावी. फोटोतलं कापड आणि हातात आलेलं कापड वेगळं निघू शकतं.

• बूटकट किंवा बेलबॉटम खालून जास्त कापली की तिचा आकारच जातो. उंची कमी करायची असेल तर सरळ वाइड लेग घ्यावी.

• सायकल किंवा स्कूटीवर मोहरी चेनमध्ये, चाकात अडकू शकते. गाडीवर बसण्याआधी ती दुमडावी किंवा रबर लावावं.

• नवी जीन्स पहिल्यांदा वेगळी धुवावी, निळा रंग इतर कपड्यांना लागतो. उलटी करून सावलीत वाळवावी. ताणली जाणारी पँट गरम पाण्यात टाकू नये.

मोहरी आज रुंद आहे, उद्या पुन्हा अरुंद होईल. मोठ्या शहरांत स्किनी परत येणार अशी चर्चा सुरूही झाली आहे. फॅशन अशीच फिरत राहणार. पण आज सैल आहे म्हणून चालवून घेतलेली पँट उद्या पुन्हा घट्ट झाली, तर मुलीच्या कॉलेजचा विषय पुन्हा निघणार का, हा प्रश्न गावासमोर राहतोच. घरात एकदा शांतपणे बसून याचं उत्तर ठरवलं, तर मुलीला तालुक्याला जाऊन कपडे बदलावे लागणार नाहीत.